येता हंगाम आणि आपला कंठ

भाताची कापणी उरकली, निर्मळच्या जत्रेतली सुकेळी घरोघरी पोहोचली, की वसईच्या किनारपट्टीवर एका वेगळ्या हंगामाची चाहूल लागते. चर्चच्या आवारातील सूचनाफलक भरून जातात. नाक्यानाक्यावर कापडी फलक झळकू लागतात. नाताळगीतांच्या स्पर्धा, युवक मंडळांच्या संगीतसंध्या, धर्मग्रामाच्या सणानिमित्त होणाऱ्या एकांकिका, शाळांची स्नेहसंमेलने, डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यातील वसईचा कला-क्रीडा महोत्सव, आणि पुढे लग्नांचे मांडव व त्यांच्या वरातींपुढील बँड. राखेच्या बुधवारपर्यंत हा नाद काही थांबत नाही. तीन महिन्यांत एवढे कार्यक्रम जिथे होतात, त्या समाजाला कलेचे वावडे आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

समीक्षा लिहावयाची ती कार्यक्रम पार पडल्यावर, असा रिवाज आहे. यंदा आम्ही तो मोडत आहोत. पडदा पडल्यानंतर दाखविलेल्या उणिवा कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते तोवर मांडवाचा हिशेब करण्यात गुंतलेले असतात आणि गायक आपापल्या परीक्षांकडे वळलेले असतात. तेव्हा तालमी सुरू असतानाच चार शब्द बोलावेत, हे बरे. संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण २२ नोव्हेंबरला येतो. गायनवृंदांच्या वर्षाचा आरंभ त्या दिवसापासून धरावा आणि हा लेख त्या आरंभीचे एक आवाहन समजावे, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम फलकांकडेच पाहू. गेल्या काही वर्षांत आम्ही हे फलक आणि कार्यक्रमपत्रिका जपून ठेवीत आलो आहोत. त्यांवर प्रायोजकांची छायाचित्रे असतात, प्रमुख पाहुण्यांची बिरुदे असतात, ध्वनिव्यवस्था कोणाची हेही ठळक अक्षरांत असते. नसते ते एकच: कोणती गीते गायिली जाणार, ती कोणी रचली आणि त्यांना चाल कोणी दिली, याचा उल्लेख. खाद्यपदार्थांची यादी न देता केवळ भटारखान्याचे वर्णन करणाऱ्या आमंत्रणासारखा हा प्रकार आहे. गीतकार आणि संगीतकार यांची नावे न छापणारा समाज हळूहळू त्यांची नावे विसरतो, आणि विसरलेल्या माणसांची जागा घ्यावयास नवी माणसे पुढे येत नाहीत.

याहून गंभीर बाब मंचावरची आहे. अलीकडे बहुतेक कार्यक्रमांत गायनाची साथ ध्वनिमुद्रित असते. बाजारातून किंवा मोबाईलवरून आयता ‘ट्रॅक’ घ्यावयाचा, कळ दाबावयाची आणि त्यावर गावयाचे. सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. वादक जमविणे, त्यांच्या वेळा सांभाळणे, त्यांचे मानधन देणे हे सोपे नाही. शिवाय ज्या मंडळात एकही वादक नाही, तिथल्या मुलांनी गाऊच नये काय, असा प्रश्न आम्हांला विचारला जातो आणि तो रास्त आहे. अशा मुलांनी अवश्य गावे. परंतु सोयीची किंमत काय पडते, तेही पाहावे. मुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. एखाद्या मुलीचा श्वास अपुरा पडला, तर हार्मोनियमवाला तिच्यासाठी स्वर किंचित लांबवतो. कळीवर चालणारी साथ तिला मागे टाकून पुढे निघून जाते. चार आवाजांत गाणारा वृंद परस्परांचे ऐकत गातो. वरच्या आवाजाने खालच्याला सांभाळावे आणि खालच्याने वरच्याला आधार द्यावा, हाच त्या गायनाचा प्राण आहे. मुद्रित साथीवर गाणाऱ्याचा कान शेजाऱ्याकडे नसतो, यंत्राकडे असतो. वीस मुले एका मंचावर उभी राहून एकेकटी गातात, हे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्यापेक्षा साथीवाचून, केवळ टाळ्यांच्या तालावर गायिलेले गीत आम्हांला शतपटीने प्रिय आहे.

नाताळगीतांविषयी एक-दोन गोष्टी येथे आठवून पाहाव्यात. आज जगभर गायिले जाणारे ‘सायलेंट नाईट’ हे गीत १८१८च्या २४ डिसेंबर रोजी ऑस्ट्रियातील ओबेर्नडोर्फ गावच्या चर्चमध्ये प्रथम गायिले गेले. शब्द योझेफ मोर या तरुण धर्मगुरूंचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरांची. दोन पुरुषांचे आवाज, एक गिटार आणि साथीला गावचा वृंद, एवढ्यावर ते उभे राहिले. आपल्या स्पर्धांतील सजावटीचा आणि ध्वनियंत्रणेचा खर्च पाहिला, की या दोन गृहस्थांची आम्हांला हटकून आठवण येते.

दुसरे उदाहरण हांडेलच्या ‘मसाया’चे. त्यातील ‘आलेलुया’ हा समूहस्वर आपले मोठे गायनवृंद डिसेंबरात हमखास गातात. वस्तुतः तो त्या रचनेच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस येतो. ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पुनरुत्थान यांच्या वाटेने श्रोत्याला तिथवर आणलेले असते. ही रचना डब्लिन येथे १३ एप्रिल १७४२ रोजी, म्हणजे पुनरुत्थानाच्या काळानजीक, प्रथम सादर झाली आणि तिच्या उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांची सुटका करण्यात आली, रुग्णालयांना मदत मिळाली. हा समूहस्वर नाताळात गाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो का आणि कोठून आला, हे निवेदकाने दोन वाक्यांत सांगावे. निवेदनाच्या नावाखाली आज जी शेरोशायरी आणि थट्टामस्करी चालते, तिच्यातील दोन मिनिटे यासाठी सहज निघतील. आणि उत्पन्नाचा एक वाटा एखाद्या रुग्णाच्या औषधासाठी गेला, तर हांडेलची ती परंपराही आपण चालविली असे होईल.

आता आपल्या मराठी गीतांकडे वळू. इथे आपला वारसा लहान नाही. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मनातल्या मनात वाचण्यासाठी रचलेला नव्हता. रविवारी आणि सणांच्या दिवशी भाविकांना तो गाऊन ऐकवावा, यासाठीच ओवी हा छंद निवडला गेला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन, अभंग आणि कीर्तन ही मराठी मातीतील रूपे ख्रिस्ती उपासनेत आणली. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे; पण त्यांची पदे मराठी ख्रिस्ती माणसाने पंथाची भिंत न पाहता गायिली. ज्या दिशेने हे दोघे गेले, तिला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयक संविधानात स्पष्ट मान्यता दिली. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य तो मान देऊन उपासनेत स्थान द्यावे, आणि गायनवृंद कितीही कुशल असला तरी भाविकांचा सहभाग हिरावला जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

या वारशाचे आपण काय केले? चांगली मराठी भक्तिगीते आपल्या धर्मग्रामांत रचली गेली आणि आजही रचली जात आहेत, हे आनंदाने नमूद करतो. परंतु दोन दोष वाढत चालले आहेत. पहिला दोष उसन्या चालींचा. एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर येशूचे नाव बसविले, की नवे भक्तिगीत तयार झाले असे आपण समजतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र मूळ गाण्यातील नायक-नायिकाच उभे राहतात. दुसरा दोष याच्या उलट बाजूचा. ‘भारतीय पद्धतीचे’ गीत म्हणून झब्बे घालून, तबला-पेटी पुढे ठेवून जे गायिले जाते, त्यात पुष्कळदा भारतीय असतो तो केवळ पोशाख. रागाची ओळख नाही, शब्दांचे उच्चार अर्धेमुर्धे, ऱ्हस्वदीर्घाचे भान नाही. स्टीफन्स परदेशातून येऊन मराठी शिकले. मराठीत जन्मलेल्या आपण निदान शब्द तोडून गाऊ नयेत.

सर्वांत बोचरी आठवण मात्र लोकगीतांची आहे. मागील एका हंगामात एका धर्मग्रामाच्या संगीतसंध्येला आम्ही उपस्थित होतो. कार्यक्रमाच्या मध्यावर लुगडी नेसलेल्या सात-आठ आज्या मंचावर आल्या आणि त्यांनी आपल्या सामवेदी बोलीतील लग्नगीते म्हणावयास सुरुवात केली. वाद्य नव्हते, कागद नव्हता. एकीने ओळ उचलावी आणि इतरांनी ती झेलावी, असे ते गाणे चालले होते. प्रेक्षकांतील बायका नकळत ओठ हलवू लागल्या. दुसरे गीत अर्ध्यावर आले असताना निवेदकाने वेळेच्या अभावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, टाळ्यांची विनंती केली आणि पुढच्या नृत्यासाठी दिवे मंद झाले. आज्या हसत खाली उतरल्या. त्यांपैकी एक जण जवळून जाताना म्हणाली, “अजून नवरी मांडवात यायची होती बाबा.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

हे केवळ शिष्टाचाराचे उल्लंघन नव्हते. ती गीते कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाहीत. हळदीचे गीत वेगळे, मांडवाचे वेगळे, मुलीला निरोप देतानाचे वेगळे. त्यांचा क्रम हाच त्यांचा अर्थ. मध्येच तोडलेले लग्नगीत म्हणजे अर्ध्यावर मोडलेले लग्न. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन वस्त्यांतही उंबराच्या पाण्याची गाणी अशाच जुन्या कंठांवर टिकून आहेत. ज्या आजीला पूर्ण क्रम पाठ आहे, तिच्या पुढच्या हंगामाची हमी कोण देणार? प्रसिद्ध गायकाला मुंबईहून पुढच्या वर्षीही बोलावता येईल. तिला बोलावता येईलच असे नाही.

जाता जाता चर्चच्या वास्तूत होणाऱ्या संगीतसभांविषयी. ही प्रथा आपल्याकडेही वाढेल असे दिसते. जुन्या गोव्यात माँट टेकडीवरील चॅपेलच्या परिसरात संगीत महोत्सव भरू लागला आणि तिथे पाश्चात्त्य व भारतीय संगीत शेजारीशेजारी नांदले. त्या टेकडीवर सायंकाळी ऐकलेला एखादा स्वर माणूस विसरत नाही. तथापि उपासना चालते त्या चर्चमध्ये सभा घ्यावयाची, तर काही पथ्ये आहेत. रोमहून ५ नोव्हेंबर १९८७ रोजी याविषयी एक पत्र प्रसिद्ध झाले होते. चर्च हे केवळ सभागृह नाही, तेथील संगीत पवित्र अथवा धार्मिक असावे, प्रवेश सर्वांना मोफत असावा, गायक-वादकांनी वेदीच्या जागेत बसू नये, पवित्र साक्रामेंत शक्यतो अन्यत्र आदराने ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. यांतील मोफत प्रवेशाचे कलम आम्हांला विशेष मोलाचे वाटते. पहिल्या रांगेतील मखमली खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवणाऱ्या आपल्या मंडळांनी ते मैदानावरच्या कार्यक्रमांतही पाळून पाहावे.

मग येत्या हंगामात आम्ही काय पाहणार आहोत? कार्यक्रमपत्रिकेत कवी आणि संगीतकार यांची नावे आहेत काय. निदान दोन गीतांना हाडामांसाचे वादक आहेत काय. संपूर्ण मैदानाने उभे राहून गावे असे एखादे गीत ठेवले आहे काय. आणि आज्यांना घड्याळावाचून वीस मिनिटे दिली आहेत काय. यासाठी मोठा निधी लागत नाही. ज्या पैशांत ध्वनिक्षेपकांची आणखी एक भिंत उभी राहते, त्या पैशांत एखाद्या पेटीवाल्या मास्तरांची वर्षभराची शिकवणी होईल, आणि पुढच्या नाताळात त्या मंडळाला उसन्या साथीची गरज उरणार नाही.

युवक मंडळांच्या श्रमांची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. दिवसभर लोकलचा प्रवास करून रात्री अकरापर्यंत तालीम करणारी ही मुले आहेत. त्यांच्यावर टीका करण्यासाठी लेखणी उचलावी, इतके आम्ही कृतघ्न नाही. गाऊ शकणाऱ्या मुलांना आपण केवळ हातवारे करावयास लावतो आणि गात आलेल्या आज्यांना गप्प बसवतो, हे त्यांच्या वडीलधाऱ्यांचे, म्हणजे आमचेही, अपयश आहे.

स्तोत्रसंहितेच्या अखेरच्या स्तोत्रात कर्णा, वीणा, सतार, डफ, झांज अशा वाद्यांची मोठी नामावळी आहे; परंतु स्तोत्र संपते ते वाद्यावर नव्हे, श्वास घेणाऱ्या प्रत्येक प्राण्यावर. येत्या हंगामात आम्ही नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसलेले असू. त्या आज्यांना मंचावर पुन्हा बोलावले गेले, तर नवरी मांडवात येईपर्यंत आम्ही तिथून हलणार नाही.