पाळतीची दोन घरे : शोशाना झुबॉफ यांच्या मांडणीची चिकित्सा

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून पाळत म्हटली की राज्यसंस्थाच डोळ्यांपुढे येत राहिली. हा समज हलविणाऱ्या ग्रंथांत शोशाना झुबॉफ यांचा ‘द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम’ (२०१९) अग्रभागी आहे. ऑर्वेलच्या ‘बिग ब्रदर’च्या जागी लेखिका ‘बिग अदर’ ही संज्ञा योजतात. या नव्या सत्तेला नागरिकाच्या निष्ठेशी कर्तव्य नाही. त्याने काय शोधले, तो कोठे रेंगाळला, काय घेता घेता सोडून दिले, यांतून उरणारे वर्तनाचे वरकड तिला हवे असते. त्यापासून भाकिते घडविली जातात आणि विकली जातात. मार्क्सच्या वरकड मूल्याची आठवण करून देणारी ही मांडणी ग्रंथाचे खरे बळ होय.

ग्रंथाची उणीवही येथूनच सुरू होते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००० साली ऑनलाइन गोपनीयतेसाठी कायद्याची शिफारस केली होती; २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तो विषय मागे पडला व गुप्तचर यंत्रणांना कंपन्यांचे कौशल्य हवेसे झाले, हे लेखिका स्वतःच दाखवून देतात. पुढे मात्र हा धागा सैल होतो. चीनमधील सामाजिक पतमापनाची चर्चा येते खरी. परंतु लोकशाही राज्य उत्तरार्धात प्रामुख्याने कंपन्यांना वेसण घालू शकणारी संस्था म्हणूनच उरते. वेसण ज्याच्या हाती द्यायची तोच त्या बैलाच्या कष्टावर जगत असेल तर काय, हा प्रश्न पुरेशा नेटाने विचारला जात नाही.

‘कार्पेंटर विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ (२०१८) या खटल्यात पोलिसांनी मोबाईल कंपन्यांकडून एका आरोपीच्या १२७ दिवसांतील १२,८९८ स्थाननोंदी मिळविल्या होत्या. अशा नोंदींसाठी सर्वसाधारणपणे वॉरंट हवे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यानंतरचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. दलालांकडून विकत घेतलेल्या स्थानमाहितीस हा निर्णय लागू होत नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेने २०२१ साली घेतली. जून २०२३ मध्ये खुल्या झालेल्या शासकीय अहवालाने गुप्तचर यंत्रणा बाजारातून संवेदनशील माहिती घेत असल्याचे मान्य केले. म्हणजे मागावयास वॉरंट, विकत घ्यावयास केवळ अंदाजपत्रक!

केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात (२०१८) सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक-वापरकर्त्यांच्या माहितीचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा चर्चा मते वळविण्याभोवतीच फिरली. मते प्रत्यक्षात किती वळली, हा वादाचा विषय आहे. उत्तरदायित्वाची हानी मात्र वादातीत ठरते : कंपनीला मतदानाने हटविता येत नाही आणि राज्य ‘आपण केवळ ग्राहक’ म्हणून मोकळे होते.

भारतीय वाचकाला हा ग्रंथ परका वाटण्याचे कारण नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्या. चंद्रचूड यांनी गोपनीयतेला असलेला धोका राज्य आणि राज्येतर घटक अशा दोहोंकडून असल्याचे नोंदविले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने राज्येतर घटकांवर बंधने घातली. त्याच कायद्याच्या कलम १७ ने सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांस्तव अधिसूचित शासकीय यंत्रणांना कायद्याबाहेर ठेवण्याची मुभा केंद्र शासनाला दिली.