सुनयनी देवींची मिटती नजर

सुनयनी देवींच्या चित्रांविषयी लिहिताना समीक्षकांच्या लेखणीतून 'निरागस' हा शब्द हमखास उतरतो. शब्द गौरवाचा खरा, पण त्याने या चित्रकर्तीवर अन्यायच केला आहे. जिने शिक्षण घेतले नाही तिला सारे सहज सुचते, आणि जिला सहज सुचते तिला विचार करावा लागत नाही, असा त्यामागचा तर्क आहे. आपल्याकडे बहिणाबाईंच्या वाट्यालाही हेच कौतुक आले. 'शिकलेली नाही, पण काय बोलते!' या उद्गारातला 'पण' फार बोलका आहे.

सुनयनी देवी (१८७५–१९६२) गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या धाकट्या भगिनी. जोडासांकोच्या वाड्यात भाऊ ओसरीवर चित्रे काढीत, तेथे देशोदेशीचे रसिक येत. बहिणीला गुरू लाभला नाही की चित्रशाळा. बाराव्या वर्षी लग्न झाले, आणि पुढे तिशीच्या सुमारास, संसाराचा व्याप सांभाळीतच, त्यांनी कुंचला हाती घेतला. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात जर्मनीतील बाउहाउसच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले, तेव्हा क्ले आणि कँडिन्स्की यांच्या चित्रांसमवेत सुनयनी देवींची चित्रेही मांडली होती. स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या विदुषीने त्यांच्यावर लिहिले, तेही लोककलेच्या निर्मळ झऱ्याचा शोध घेत.

झरा होताच. कालीघाटचे पट, मातीच्या बाहुल्या यांचे ऋण उघड आहे. पण या चित्रांतली स्त्री कालीघाटची नव्हे. कालीघाटची नायिका ठसठशीत, बाजारात उभी राहणारी. रविवर्म्याची दमयंती दुसरीकडे पाहात असली, तरी आपण तिच्याकडे पाहात आहो याची तिला पुरती जाणीव असते. (घाटकोपरला आणि पुढे मळवलीला छापलेल्या त्या तसबिरींवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. तेव्हा ही नजर आपल्या चांगल्या ओळखीची.) सुनयनी देवींच्या स्त्रीला ती जाणीवच नाही. चेहरा चौकट भरून टाकतो, पदराचा काठ त्याभोवती वळतो; डोळे लांब, अर्धवट मिटलेले. ती राधा असो, गवळण असो वा आई असो, पाहणाऱ्याचे तिला काही देणे लागत नाही. ज्या घरात बाईचा एकांत हा चोरून मिळवायचा जिन्नस होता, तेथे बसून असा चेहरा रंगवणे याला निरागसपणा कसे म्हणावे?

रंग दिलेला कागद पाण्यात बुडवून काढण्याची रीत अवनींद्रनाथांच्या पंथातली. भावाच्या हाती तिने धुके आणि गतवैभव आणले. बहिणीच्या हाती तिने फक्त कडा मवाळ केल्या, आकृती कागदात मुरवली.

दोष नाहीत असे नव्हे. हात, बोटे यांचे रेखाटन कच्चे आहे. दोनांहून अधिक आकृती आल्या की रचना सैलावते. आणि राधाकृष्णाच्या काही चित्रांत गोडवा इतका दाटतो की मन मागे सरते. हे दोष मोकळेपणी सांगितले पाहिजेत. निरागसतेच्या नावाखाली ते माफ करणे म्हणजे त्यांना चित्रकार न मानणेच होय.

यामिनी राय लोककलेकडे वळले ते १९२० नंतरच्या दशकात, सुनयनी देवींच्या मागाहून. त्यांची रेषा पक्की, डोळे टक्क उघडे; घरोघर पोचली ती तीच. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात दोघांचीही चित्रे आहेत. सुनयनी देवींची आकाराने लहान आहेत, जरा जवळ जाऊन पाहावी लागतात.