छायाचित्रातील स्तूप

राजापेठेतून दीक्षाभूमीस जाणारे उपासक परतताना स्तूपाची छायाचित्रे आणतात. ती बहुधा बाहेरून टिपलेली असल्यामुळे नागपूरचा घुमट सांचीची प्रतिकृती भासतो. आमच्या मते येथेच छायाचित्र अपुरे पडते. सांचीचा महास्तूप भरीव. त्यास बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची. वास्तुविशारद शेओ दान मल यांनी रचलेला, २००१ साली लोकार्पण झालेला हा स्तूप मात्र पोकळ आहे. उपासक थेट घुमटाखाली बसतो. याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांना लढा उभारावा लागला होता. तो इतिहास ध्यानी घेतला म्हणजे या पोकळीचे मोल कळते. प्रवाशांनी यापुढे घुमटाइतकेच चारही दिशांना उघडणाऱ्या दारांचेही चित्र घ्यावे.