मूठ, पायडल आणि २५० वॉट

विजेच्या सायकलींचे दोन प्रकार असतात. एकात पायडल मारले तरच मोटार मदत करते. दुसऱ्यात स्कूटरसारखी मूठ पिळली की पाय न हलवता सायकल पळते. कायद्याने या दोहोंत भेद करावा का?

युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमाने तो केला आहे. मोटारीची अखंड शक्ती २५० वॉटपर्यंतच हवी, आणि पायडल थांबताच किंवा वेग ताशी २५ कि.मी. होण्याआधी ती बंद व्हायला हवी. मूठवाली सायकल या सवलतीत बसत नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्यात मुठीसाठी स्वतंत्र वर्गच ठेवला. त्यात ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ कि.मी. वेग चालतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) लागू होतो. मोटारीची ‘तीस मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ कि.मी.पेक्षा कमी आणि चाचणी संस्थेची मान्यता असेल, तर ते मोटार वाहन ठरत नाही. मग परवाना नको, नोंदणी नको. पायडलच्या सायकलींसाठी वेगळे कलम आहे, पण मूठ आहे म्हणून सवलत जात नाही.

मला आपला नियम या बाबतीत अधिक शास्त्रीय वाटतो. पाय हलतात म्हणून धोका कमी, हे गृहीतक कच्चे आहे. कित्येक स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे एवढेच ओळखणारा चुंबकी संवेदक असतो. पायाने किती जोर लावला हे त्याला कळत नाही. पाय नुसते फिरवत ठेवले तरी मोटार पूर्ण शक्तीने ओढते. मग मुठीत आणि त्यात फरक काय उरला? धडकेचे परिणाम ठरतात ते वस्तुमान आणि वेग यांवरून. सायकल आणि स्वार मिळून १०० किलोग्रॅम धरा. ताशी २५ कि.मी. वेगाला गतिज ऊर्जा सुमारे २४०० ज्यूल होते, तर ३२ ला जवळजवळ ४०००. वेग सव्वापटीहून थोडा अधिक, ऊर्जा मात्र दीडपटीच्या पुढे!

२५० हा आकडाही हवेतून आलेला वाटत नाही. सपाट रस्त्यावर ताशी २५ कि.मी. वेगाला हवेचा आणि टायरांचा रोध मिळून साधारण २५ न्यूटन भरतो. त्याला सेकंदाला ६.९ मीटरने गुणले की पावणेदोनशे वॉट येतात.

आपल्या नियमाचे दुखणे दुसरीकडे आहे. ‘तीस मिनिटांची शक्ती’ म्हणजे मोटार अर्धा तास सरासरीने टिकवू शकेल ती शक्ती. गुंडाळीची तांब्याची तार किती तापते, याच्याशी तिचा संबंध. क्षणभरासाठी तीच मोटार याच्या दुप्पट शक्ती सहज देऊ शकते, आणि चढावर ती लागतेही. २० मीटरला एक मीटर चढ ताशी २० कि.मी.ने चढायला एकूण पावणेचारशे वॉटच्या आसपास हवेत. तेव्हा हा आकडा मोटारीवर वाचून रस्त्यावरच्या पोलिसाला काहीच कळत नाही. त्यातून वेगमर्यादा बहुधा नियंत्रकाच्या आज्ञावलीत असते. एखादी तार सोडवली की पुष्कळदा ती उठते, आणि प्रमाणपत्र तसेच राहते.

इथे आपल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न येतो. सवलतीतल्या सायकलीला वयाची अट नाही, म्हणून पालक ती आठवी-नववीच्या मुलांना घेऊन देतात. मर्यादा उठवली की तेच वाहन कायद्याने मोटार वाहन होते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तार सोडवणाऱ्या दुकानदाराने हे सांगितलेले नसते.

शक्ती मोजणे शाळेत जमणार नाही, वेग मात्र मोजता येतो. रिकाम्या मैदानावर ५० मीटरच्या दोन खुणा करा, सायकल पहिल्या खुणेआधीच पूर्ण वेगात येऊ द्या (डोक्यावर हेल्मेट हवेच), पाय स्थिर ठेवून नुसती मूठ पिळायला सांगा आणि दोन्ही खुणांमधला वेळ घ्या. वारा आणि उतार यांचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढा. ती ७.२ सेकंदांहून कमी भरली, तर सायकलची कागदपत्रे घेऊन पालकांना बोलवावे.