दोष कुणाचा? एप्टच्या एका वाक्याची चिकित्सा

(कुरुंदवाड येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आज मला एकाच वाक्याबद्दल बोलायचंय. डेबियन किंवा उबंटूवर प्रोग्राम टाकताना गाडी अडली, की एप्ट अनेकदा इंग्रजीत सांगतं : अडचण दूर करता येत नाही, तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, आपणच काहीतरी बिघडवलं. (हशा) खरं तर बहुतेक वेळा त्यानं काहीही धरून ठेवलेलं नसतं, आणि कुठली फाइलही मोडलेली नसते.

मग होतं काय? आपलंच उदाहरण घ्या. राधानगरीचं पाणी पंचगंगेतून येतं, कोयनेचं कृष्णेतून. दोन्हीकडचा विसर्ग आपापल्या जागी बरोबर असेलही. पण वाडीच्या संगमावर दोन्ही एका वेळी आले, तर पाणी शिरतं आपल्या घरात. 2019 कुणी विसरलेलं नाही. पॅकेजचंही तसंच. एका प्रोग्रामला एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती लागते, दुसऱ्याला जुनीच. दोघांचंही म्हणणं खरं. पण त्या नावाचं पॅकेज एका वेळी एकाच आवृत्तीत राहू शकतं. भांडण वरचं, त्रास खालच्याला.

तेव्हा नकार देण्यात एप्टची चूक नाही, हे आधी मान्य करू. डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. त्यांच्या अटी जुळवणं हे एनपी-कम्प्लीट, म्हणजे अत्यंत अवघड वर्गातलं कोडं आहे, हे 2006 मध्येच दाखवलं गेलंय. माझा आक्षेप नकाराच्या भाषेवर आहे.

2021 ची गोष्ट. लिनस सेबास्टियन हे नावाजलेले यूट्यूबर पॉप ओएसवर स्टीम टाकायला गेले. पॅकेजच्या जुळणीत वितरणाकडूनच गडबड झाली होती. एप्टनं मार्ग काढला तो डेस्कटॉपच काढून टाकण्याचा! धोक्याची सूचना दिली, 'हो, मी सांगतो तसं कर' असं टाइप करायला लावलं. त्यांनी केलं, आणि डेस्कटॉप गेला. लोक म्हणाले, सूचना वाचायला नको का? हवीच. पण त्या लांबलचक यादीत काय जाणार ते होतं. का जाणार ते नव्हतं. कारण न सांगणारा इशारा माणूस उंबऱ्यासारखा ओलांडतो.

आणि कारण सांगता येत नाही, असंही नाही. 2023 च्या डेबियन 12 मध्ये पिप वापरून थेट सिस्टीमवर पायथनचं पॅकेज टाकून बघा. नकार मिळतो, पण सोबत सांगितलं जातं : हे आवार एप्टच्या ताब्यात आहे, तुम्ही वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. नकार, कारण आणि वाट, तिन्ही एका जागी. याला म्हणतात सभ्य नकार.

कारण कळलं नाही, की माणूस कुठून तरी परकी रिपॉझिटरी जोडतो, नाहीतर जबरदस्तीनं पॅकेज बसवतो. ज्या घरात एकच जुना संगणक आहे, तिथं याची किंमत मोठी असते. म्हणून तोवर आपण काय करायचं? 'एप्ट-कॅश पॉलिसी'नं कुठली आवृत्ती कुठून येतेय ते बघा. 'एप्टिट्यूड व्हाय-नॉट'ला कारण विचारा. आधी लुटुपुटीचं इन्स्टॉलेशन करून काढायच्या पॅकेजेसची यादी वाचा. आणि ते वाक्य दिसलं, तर स्वतःला दोष देऊ नका.

आता प्रश्न घेऊ.