पहिल्या सेकंदाचा साक्षीदार

दिवाळीच्या रात्री बाहेर फटाके वाजत असताना विश्वाच्या जन्माविषयी वाचत बसावे, ही माझी जुनी खोड. यंदा मुरबाडच्या घरी जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ पुन्हा उघडले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतरचे हे माझे पहिलेच वाचन.

त्यांच्या मराठीची स्वच्छता सर्वांना ठाऊक आहे, तिचे कौतुक येथे नको. मला बोलायचे आहे ते त्यांच्या शंकेखोरपणाविषयी. ‘महास्फोट’ हा शब्द आपण असा काही वापरतो, की जणू अंगणात कुणी सुतळी बॉम्ब लावला आणि आपण ओटीवरून पाहत होतो! वास्तविक ‘बिग बँग’ हे नाव १९४९ साली रेडिओवर उच्चारले ते हा सिद्धांत मुळीच न पटलेल्या फ्रेड हॉईल यांनी. हॉईल हे नारळीकरांचे गुरू. १९९३ साली बर्बिज यांच्यासह या गुरुशिष्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला, तेव्हाही त्यांचा आग्रह एकच होता : पुरावा दाखवा.

आता पुराव्याचे पाहा. १९६५ साली सापडलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण आपल्याला विश्वाच्या वयाच्या सुमारे पावणेचार लाख वर्षांपर्यंत मागे नेते. त्याआधीच्या पहिल्या सेकंदाला सुटून निघालेला साक्षीदार एकच, न्यूट्रिनो. ना विद्युतभार, ना धड वजन. सिद्धांत सांगतो, की दर घन सेंटिमीटरात असे सुमारे ३३६ अवशिष्ट न्यूट्रिनो असले पाहिजेत; म्हणजे दाराशी लावलेल्या पणतीतल्या दोन चमचे तेलात तीन हजारांवर! आणि आजवर एकही थेट हाती लागलेला नाही.

न्यूट्रिनो पकडणे आपल्याला नवे नाही. १९६५ सालीच कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. पण ते दांडगे, जोरकस. अवशिष्टांची ऊर्जा इतकी क्षीण, की आपटले तरी खूण उमटू नये. १९६२ साली वाइनबर्ग यांनी युक्ती सुचवली : ट्रिटियमने असा न्यूट्रिनो गिळला, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा नेहमीच्या कमाल मर्यादेहून किंचित जास्त भरेल. इटलीत ग्रान सासो येथे ‘टॉलेमी’ प्रयोगाची तयारी याच युक्तीवर चालली आहे. अडचण अशी, की ट्रिटियम स्वतःच अखंड विघटन पावत असतो. शंभर ग्रॅम ट्रिटियममधून दर सेकंदाला अब्जावधी इलेक्ट्रॉन सुटणार, आणि त्यांत आपल्या कामाचे वर्षाकाठी चार ते आठ. म्हशाच्या जत्रेत हजारो गुरांच्या गळ्यांतल्या घंटा वाजत असताना आपल्याच बैलाची घंटा ओळखावी, तसे हे काम. तेही दोन घंटांच्या सुरांत केसभर फरक असताना.

अप्रत्यक्ष पुरावे आहेत, बळकटही आहेत. हेलियमचे प्रमाण आणि सूक्ष्मलहरींतले बारकावे तेच सांगतात. म्हणून नारळीकरांचा पर्याय मला पटत नाही, हे आदर राखूनही लिहिले पाहिजे. विश्वाला तप्त आरंभच नसेल, तर सर्वत्र सारखा पसरलेला हा न्यूट्रिनोंचा सागर त्यात बसवणे कठीण. पण ‘पहिल्या सेकंदात असे घडले’ असे आपले विज्ञानलेखक डोळ्यांनी पाहिल्यासारखे लिहितात, तेव्हा मला नारळीकरांचीच बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीला कुणी पुरवणी जोडणार असेल, तर ती या न्यूट्रिनोंवर असावी. मात्र तीत ‘सापडले’ हे क्रियापद इतक्यात येऊ देऊ नये.