वृत्तपत्र न वाचता वृत्तपत्रविद्या

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आता नवलाचा राहिलेला नाही. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड अशा अनेक ठिकाणी तो शिकवला जातो. त्यावर होणारी टीकाही ठरलेली आहे. संपादक म्हणतात, मुलांना साधी बातमी लिहिता येत नाही, प्रात्यक्षिके वाढवा. प्राध्यापक म्हणतात, विद्यापीठ म्हणजे नोकरीची पूर्वतयारी करून घेणारा वर्ग नव्हे, सिद्धांत हवाच. दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो तेव्हा एखादी अभ्यासपत्रिका इकडची तिकडे होते आणि दोन्ही पक्ष पूर्वीइतकेच नाराज राहतात.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या वस्तूवरून हे भांडण चालते ती वस्तू, म्हणजे छापलेले मराठी वृत्तपत्र, या अभ्यासात जवळजवळ नाहीच. पत्रकारितेचा इतिहास असतो, पण तो नावे, संस्थापक आणि सालांच्या रूपात. एखाद्या मराठी पत्राचे एक वर्ष विद्यार्थ्याने पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाचावे, ही अपेक्षा अभ्यासपत्रिकांच्या नेहमीच्या मांडणीत कुठेच बसत नाही. मराठीच्या एम.ए.ला कादंबरी न वाचता बसता येते असे कुणी म्हटले तर आपण हसू. पत्रकारितेच्या बाबतीत ते आपल्याला खटकतही नाही. हे का झाले आणि त्यात आपण काय गमावतो, याचा विचार येथे करायचा आहे.

वादाचे मूळ

सिद्धांत की प्रात्यक्षिक हा वाद आपल्याकडे तयार होऊनच आला. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेची स्वतंत्र शाळा काढली, तेव्हा विद्यार्थ्यांनी खरेखुरे दैनिक काढायचे आणि त्यातून शिकायचे ही तिची रीत होती. जोसेफ पुलित्झर यांची कल्पना वेगळी होती. १९०४ मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखात त्यांनी पत्रकाराला इतिहास, कायदा, नीती आणि राज्यव्यवहार यांचे ज्ञान देण्यावर भर दिला आणि वृत्तपत्राचा धंदा शिकवायला विरोध केला. त्यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठातली शाळा १९१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, सुरू झाली. पुढे तीही बातमीदारीच्या कसबाकडे झुकली. २००२ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी नव्या अधिष्ठात्याचा शोध थांबवून, या शाळेने नेमके काय शिकवावे हा प्रश्न पुन्हा उभा केला. त्यातून २००५ मध्ये दुसरा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. त्यात पत्रकाराने राजकारण, अर्थकारण, विज्ञान किंवा कला यांपैकी एक विषय घेऊन तो मुळातून शिकायचा असतो. कसब शिकवणारी पदवी वेगळी आणि विषय शिकवणारी वेगळी, असा तोडगा तिथे निघाला.

भारतात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पृथ्वीपाल सिंग यांनी पत्रकारितेचे शिक्षण सुरू केले. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत ते रुजले नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात, १९५२ मध्ये. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. विभाग उभा करणारे रोलंड वूल्झली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक होते आणि फुलब्राइट योजनेतून आले होते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की या पाहुण्याने इथल्या वृत्तपत्रसृष्टीवर एक पुस्तक संपादित केले. म्हणजे ज्यांनी अमेरिकी पद्धत आणली त्यांना इथली पत्रे पाहावीशी वाटली. आपण मात्र पुढे पद्धत ठेवली आणि पाहणे सोडले.

सिद्धांत इथे तपासून पाहू

संज्ञापनाच्या अभ्यासपत्रिकेत काही नावे हमखास येतात. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला आणि कोणत्या परिणामाने सांगतो, हे लासवेल यांचे १९४८चे सूत्र. शॅनन आणि वीव्हर यांची आकृती. तिचा जन्म बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत, तारेवरून संदेश कमीत कमी बिघाडाने कसा पाठवावा या प्रश्नातून झाला. आणि १९५६चे ‘फोर थिअरीज ऑफ द प्रेस’. शीतयुद्धाच्या ऐन काळातल्या या पुस्तकाने जगातल्या वृत्तपत्रव्यवस्थांचे चार गट केले: हुकूमशाहीवादी, स्वातंत्र्यवादी, सामाजिक जबाबदारी मानणारी आणि सोव्हिएत साम्यवादी.

हे शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. शिकवलेले इथल्या पुराव्यावर घासून पाहावे, इतकेच आहे. १८७८ साल घ्या. त्या वर्षी १४ मार्चला लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी कायदा केला. मॅजिस्ट्रेट मुद्रकाकडून आणि प्रकाशकाकडून जातमुचलका घेऊ शकत होता, प्रसंगी छापखाना जप्त करता येत होता आणि न्यायालयात दाद मागायची सोय नव्हती. इंग्रजी वृत्तपत्रे यातून वगळली होती. कलकत्त्याची ‘अमृतबझार पत्रिका’ आठवड्याभरात संपूर्ण इंग्रजी झाली ती यामुळेच. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत हा कायदा रद्द झाला.

आता ते चार गट या वर्षाला लावून पाहा. ते देशागणिक पाडलेले आहेत. पण इथे एकाच राज्यात, एकाच सरकारखाली, मजकूर कोणत्या भाषेत छापला यावर तो कोणत्या व्यवस्थेत मोडतो हे ठरत होते. इंग्रजीत छापणारा एका गटात आणि देशी भाषेत छापणारा दुसऱ्या. म्हणजे भाषा हाच या व्यवस्थेचा पाया होता आणि त्या पुस्तकाच्या वर्गीकरणात भाषेला जागाच नाही. एवढी गोष्ट वर्गात निघाली तरी विद्यार्थ्याला कळेल, की सिद्धांत पाठ करण्यासाठी नसतो, मोडून पाहण्यासाठीही असतो. पदव्युत्तर या शब्दाचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे तिथे सुरू होतो.

दोन लेख आणि एक खटला

दुसरे उदाहरण माध्यमविषयक कायद्याचे. राजद्रोहाचे कलम १२४-अ विद्यार्थी टिपणात वाचतो आणि टिळकांवरचे खटले इतिहासाच्या टिपणात वाचतो. दोन्ही टिपणे वेगवेगळ्या वह्यांत राहतात.

१८९७च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ सरकारविषयी प्रेम नसणे इतका पसरट लावला. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि १८९८ मध्ये कलमाची शब्दरचना बदलली. १९०८च्या खटल्यात ‘केसरी’चे दोन लेख मुख्यतः आरोपाखाली होते: १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. मराठी लेख त्यांच्यापुढे गेले ते सरकारी इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर हरकत घेतली आणि आपले म्हणणे भाषांतरात विकृत झाले आहे असे मांडले. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली.

मराठी पत्रकारितेच्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगले पाठ्यपुस्तक कुठले? मूळ लेख, त्याचे भाषांतर, कायद्याचे कलम आणि न्यायालयातले वाद एकत्र ठेवले की काही प्रश्न आपोआप उभे राहतात. अग्रलेखातले उपरोधिक वाक्य भाषांतरात सरळ विधान कसे होते? ‘केसरी’चा वाचक जे ओळींमधून वाचत होता ते न्यायालयात पुरावा ठरते का? मजकुराचा अर्थ लेखक ठरवतो, वाचक ठरवतो की भाषांतरकार? हे प्रश्न जुने झालेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२च्या आदेशाने १२४-अ स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे. तालुक्याच्या बातमीदाराचा मराठी मजकूर उद्या याच वाटेने न्यायालयात जाऊ शकतो. १९०८चे कागद ज्याने नीट वाचले आहेत तो आपले वाक्य अधिक जपून आणि अधिक धैर्याने लिहील.

तिसरे उदाहरण तर अगदी हाताशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) ही पत्रे महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये पुनर्मुद्रित केली. धुळीने भरलेल्या कपाटाची सबब इथे चालत नाही. तरी ‘मूकनायक’ची तारीख ३१ जानेवारी १९२० एवढ्यावर गुण मिळतात. या पत्राचा खर्च कसा भागत होता, शाहू महाराजांची मदत किती काळ पुरली, वर्गणीदार कोण, जाहिराती का मिळत नव्हत्या, ‘बहिष्कृत भारत’चा बहुतेक अंक संपादकालाच एकट्याने का लिहावा लागत होता, हे माध्यमांच्या अर्थकारणाचे प्रश्न आहेत. विद्यार्थी ते परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांवरून शिकतात.

मोजणे आणि वाचणे

या अभ्यासक्रमांत शेवटी एक प्रबंधिका असते. तिथे तरी वृत्तपत्र येते का? येते, पण मोजण्यासाठी. ठराविक महिन्यांचे अंक घ्यायचे, विषयवार बातम्यांची संख्या काढायची, जागा चौरस सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि टक्केवारी द्यायची, हा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. आशय-विश्लेषण ही चांगली पद्धत आहे. मात्र मोजण्याआधी प्रश्न लागतो. शेतीच्या बातम्यांना किती जागा मिळाली हे मोजून कळते. त्या बातमीत शेतकरी स्वतः बोलला की कृषी अधिकारी बोलला, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. या वर्गांत येणारी पुष्कळ मुले खेड्यांतून येतात, घरातली पहिली पदवीधर असतात, त्यांना वर्षा-दोन वर्षांत पगार हवा असतो. त्यांना जुन्या फायली वाचायला लावणे ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे का? मला तसे वाटत नाही. पानाची मांडणी, कॅमेरा, संकलनाची साधने ही कौशल्ये लागतातच, पण साधने बदलतात आणि ती पदविकेत, अगदी कार्यालयातही शिकता येतात. शंभर पाने वाचून त्यातली विसंगती शोधणे, एकच घटना तीन पत्रांत कशी आली ते पाहणे, न छापलेले काय हे ओळखणे, ही सवय दुसरीकडे लागत नाही. ग्रामपंचायतीचा जमाखर्च, सातबारा, माहितीच्या अधिकारात आलेला गठ्ठा वाचायला हीच सवय कामी येते.

फायलींचीही एक बाजू आहे. कापडाच्या चिंध्यांपासून बनलेला जुना कागद टिकाऊ होता. नंतरचा वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणजे कित्येकदा ‘दर्पण’च्या काळचा कागद विसाव्या शतकातल्या दैनिकापेक्षा अधिक धड राहतो. रा. गो. कानडे यांचा ‘मराठी नियतकालिकांचा इतिहास’ १९३८चा, म्हणजे इथे पत्रकारितेचे विभाग निघण्यापूर्वीचा. रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ १९८४चा. दाते, काळे, बर्वे यांची नियतकालिकांची सूची १९५० पर्यंत येऊन थांबते. आणीबाणी, मंडल, खुले अर्थकारण, शेतकरी आत्महत्या या सगळ्यांची मराठी दैनिकांतली नोंद शोधायची तर अंक उलटत बसण्यावाचून मार्ग नाही. विद्यापीठाबाहेर राहून हे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला एक संदर्भ शोधायला आठवडा लागतो, याचे कारण हेच.

म्हणून सूचना एकच आणि लहान आहे. प्रबंधिकेच्या जागी, निदान पर्याय म्हणून, प्रत्येक विद्यार्थ्याला एका मराठी पत्राचे एक वर्ष द्यावे. त्याने ते सलग वाचावे, विषयवार सूची करावी आणि त्या वर्षाविषयी वीस पानांचा निबंध लिहावा. जिल्हा दैनिके आधी घ्यावीत, कारण ती आधी नष्ट होतील. एका वर्गात वीस विद्यार्थी असले तर एका पत्राची वीस वर्षे दरसाल सूचीबद्ध होतील. यासाठी नवी इमारत लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. ग्रंथालयाशी करार, वाचायला वेळ आणि विद्यार्थ्यांबरोबर स्वतः वाचायला बसणारा शिक्षक एवढे पुरते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि विभागाची परीक्षा तिथेच होईल.